चौदाव्या आणि पंधराव्या दगडाच्या मधे

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज ‘दोष कोणाचा’ हा रकाना रद्द झाला.

सकाळी सगळ्यांना सभागृहात बसवलं. सभागृह म्हणजे जुन्या फायलींची खोली. फायली भिंतीला रचून खुर्च्या मांडल्या होत्या. विद्यापीठातून संशोधक बाई आल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं – माणूस चुकणारच, आजही चुकेल आणि उद्याही. रस्ता असा करायचा की चुकलेला माणूस मरता कामा नये. ताशी तीसच्या वेगाने गाडी धडकली तर चालणारा बहुतेक वेळा वाचतो. वेग पन्नास झाला की वाचेलच असं सांगता येत नाही, आणि पुढचं बोलायलाच नको. नव्या अभ्यासांत जुने आकडे थोडे बदललेत, पण दिशा तीच आहे म्हणाल्या.

आमच्या हमरस्त्यावर पाटी ऐंशीची आहे.

आम्ही तिघेजण गेल्या तीन वर्षांच्या पोलिसी अपघात-नोंदी संगणकावर चढवतो. आजवर प्रत्येक नोंदीत दोष भरावा लागायचा. १ म्हणजे चालक, २ पादचारी, ३ जनावर, ४ हवामान. रस्त्याला आकडाच नव्हता. मी भरलेल्या ६१८ नोंदींत २ हा आकडा ३०४ वेळा आहे. मेलेला माणूस हरकत घ्यायला येत नाही.

हेडक्लार्क मागून म्हणाले, “म्हणजे बाई, आता कोणाचीच चूक नाही. आमचं काम हलकं झालं.” सगळे हसले. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, “वाढलंय. आता जागा नेमकी लिहावी लागेल.”

मंगळवार, ४ फेब्रुवारी

४१ नोंदी. डोळे चुरचुरतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पोलीस जागा कशी लिहितात – ‘पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर’. ‘जुन्या शाळेच्या थोडं पुढे’. ‘वळणावर’. एकाने तर लिहिलंय, ‘नेहमीच्या ठिकाणी’. त्याच्यावर काय रागवायचं, त्याला ठिकाण पाठ झालं होतं.

संगणकाला टपरी कळत नाही. म्हणून मी नियम सुचवला. जी जागा असेल ती सगळ्यात जवळच्या किलोमीटरच्या दगडावर टाकायची. मग दगडागणिक माणसं मोजायची. साहेब खूश झाले. साहेब म्हणजे रस्ते खात्याचे अभियंता, एरवी ते आमच्या टेबलाकडे मानही वळवत नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाले, “बघा, दहावी शिकलेला पोरगा. तुम्हा पदवीवाल्यांना सुचलं का?”

हेडक्लार्क म्हणाले, “मास्तर, आता चहा पाज.” मला ते मास्तर म्हणतात, कारण पोलिसांच्या नोंदींतल्या वेलांट्याही मी सुधारून भरतो. कोणी सांगितलेलं नाही. चुकीची वेलांटी दिसली की मला पुढे जाताच येत नाही.

घरी येताना सायकल हलकी वाटली. कारखान्याच्या गेटपाशी उतरलो मात्र. तिथे मी रोज उतरतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

सायकलच्या चाकाच्या एका आऱ्याला लाल दोरा बांधला. चाकाचा एक फेरा म्हणजे २ मीटर ७ सेंटिमीटर – तीनदा मोजून घेतलंय. मग हमरस्त्याच्या कडेने पहिल्या दगडापासून पस्तिसाव्यापर्यंत फेरे मोजत गेलो. टपऱ्या, वळणं, शाळा, सगळी वहीत. आई म्हणाली, “सुट्टीच्या दिवशीपण रस्ताच का?” पाच दिवस कागदावर असतो, म्हटलं. आज प्रत्यक्ष.

कारखान्याचं गेट चौदाव्या दगडापासून २४१ फेरे, पंधराव्यापासून २४३. म्हणजे जवळजवळ मधोमध. चार मीटरने चौदाव्याचं.

या गेटसमोर दोन वर्षांपूर्वी दादा गेला. मी तेव्हा दुसऱ्या गावी दुकानात कामाला होतो, तिसऱ्या दिवशी पोचलो. तो इस्पितळात होता, शुद्धीवर नव्हता. नवव्या दिवशी गेला. तेव्हापासून मी इथे आहे, घरी आई, वहिनी आणि मी.

वहिनी त्याच कारखान्यात पॅकिंगला आहेत. वस्ती रस्त्याच्या अलीकडे, कारखाना पलीकडे. पहिल्या पाळीला बायका कडेला गोळा होतात. पंधरा-वीस झाल्या की निघायचं, त्याआधी नाही. पुढची बाई डब्याचं स्टीलचं झाकण डोक्यावर धरते, म्हणजे गाडीचा दिवा त्यावर चमकतो आणि चालकाला कळतं. दुभाजकापाशी सगळ्या थांबतात, झाकण शेवटच्या बाईकडे जातं, कारण आता गाड्या दुसऱ्या बाजूने येणार. हे कोणी शिकवलं विचारलं. वहिनी म्हणाल्या, “शिकवणारी बाई पलीकडे पोचली नाही.”

मला हसू आलं आणि मग आलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दादाची नोंद आज माझ्या गठ्ठ्यात आली.

कधीतरी येणार हे माहीत होतं. शेजारच्याला देऊ शकलो असतो. दिली नाही, त्याच्या चुका फार होतात.

वेळ संध्याकाळी ६.४०. स्थळ कारखान्याच्या गेटसमोर. पुरुष, वय ३१, पादचारी. वाहन अज्ञात. शेरा: ‘पादचाऱ्याचा निष्काळजीपणा’. ‘निष्काळजीपणा’त दोन चुका होत्या. सुधारल्या नाहीत. रकानाच रद्द झालाय.

मृत्यू तीस दिवसांच्या आत झाला तरच अपघाती मृत्यू धरायचा, असा नियम आहे. दादा नवव्या दिवशी गेला, तो मोजला जातो. कालच्या गठ्ठ्यात एक चौतिसाव्या दिवशी गेलेला होता. तो आमच्या हिशेबात जिवंत आहे.

जवळचा दगड – १४. जतन केलं. त्यानंतर २९ नोंदी केल्या.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

घरी सांगितलं. नवं धोरण आलंय, तीन वर्षांत ज्या एका जागी पाच माणसं मेली ती जागा यादीत जाते. यादीतल्या जागी याच वर्षी सिग्नल, गतिरोधक, मधे थांबायला रुंद ओटा, आणि वेग तीसचा. गेटसमोर पाच झालीयत, मी स्वतः नोंदी भरल्यात.

आई म्हणाली, “पाच होईस्तोवर थांबतात का?”

थांबतात.

वहिनींनी विचारलं, “त्या पाचात हेपण धरलेत का?” हो म्हटलं. त्यांनी झाडू घेतला आणि झाडलेली खोली पुन्हा झाडायला लागल्या.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कच्ची यादी लागली. तेवीस जागा. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. गेट नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

हेडक्लार्कना विचारलं. त्यांनी पान काढून दाखवलं. दगड १४ – तीन. दगड १५ – दोन.

“तीन आणि दोन पाचच होतात,” मी म्हटलं.

“होतात रे. पण एका दगडाला पाच हवेत. तुझाच तर नियम.”

बुधवार, १९ फेब्रुवारी

माझाच नियम.

पोलिसांनी कुठे लिहिलं ‘गेटच्या जरा अलीकडे’ – मी ते चौदावर टाकलं. कुठे ‘गेटच्या पुढे’ – ते पंधरावर. दहा-वीस पावलांचा फरक. त्या पाच जणांना मी नीटनेटकेपणाने दोन दगडांत वाटून टाकलं. गेट जर दगडासमोर असतं तर यादीत असतं. ते मधोमध आहे हा त्याचा गुन्हा. आणि मला ते ठाऊक होतं, मी चाकाला दोरा बांधून मोजलं होतं. २४१, २४३. लिहून खाली रेघही मारली होती, पट्टीने.

अशिक्षित माणसाने ‘गेटपाशी’ एवढंच लिहिलं असतं. त्याची पाचही माणसं एकत्र राहिली असती.

हेडक्लार्क म्हणाले, “यादी वर गेली मास्तर. पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षीपर्यंत वहिनी त्या रस्त्यावरून सहाशे वेळा जातील. हिशेब केला. सुट्ट्या वजा करून.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पेपरात पहिल्या पानावर आलंय – रस्त्यावरचे मृत्यू पाच वर्षांत निम्मे करणार. साहेबांनी कात्रण फलकावर लावलं. निम्मे म्हणजे कोणते निम्मे?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

संशोधक बाई आल्या. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यापुढे वही ठेवली. माझी चूक झाली म्हटलं, आणि सगळं सांगितलं. भाऊ सांगितला नाही.

त्यांनी वही बराच वेळ पाहिली. “हे चाकाचे फेरे तुम्ही मोजलेत?” हो म्हटलं. “एकट्याने?” हो.

मग त्यांनी माझी पट्टी घेतली आणि नकाशावर ठेवली. “दगड विसरा. ही पट्टी पाचशे मीटरची समजा. ती रस्त्यावरून अशी हळूहळू सरकवत न्यायची. जिथे पट्टीखाली पाच सापडतील ती जागा. माणूस दगड बघून मरत नाही.” हे बाहेर सगळीकडे असंच करतात म्हणे. इथे कोणाकडे नेमकी अंतरंच नव्हती. “तुमच्याकडे आहेत.”

साहेबांशी त्याच बोलल्या. यादी परत मागवली. आठ दिवस दिलेत. प्रत्येक नोंद दगडाऐवजी मीटरमध्ये भरायची.

साहेब माझ्याकडे बघत होते. नजर ओळखीची होती, वेलांटी चुकलेली दिसली की माझी होते तशी.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

९७. रात्री स्वप्नात पट्टी सरकत होती.

शनिवार, १ मार्च

संपल्या. १,४०६ नोंदी. ज्यांत जागा कळतच नाही अशा ३८, त्यांत ‘नेहमीच्या ठिकाणी’ आहे. कोणाची नेहमीची, ते तो पोलीसच जाणे, आणि तो निवृत्त झालाय.

सोमवार, ३ मार्च

नवी यादी. सव्वीस जागा. गेट – पाच!

सात जागा चारवर अडकल्यात. दगड चौदाच्या अलीकडची बाजारपेठ, नाल्याचं वळण, आणखी पाच. हेडक्लार्क म्हणाले, “एकेकाने राहिल्या बघ.” सामन्यात एका धावेने हरल्यासारखं.

तरी मी आज आनंदात आहे. लिहून ठेवतो, पुढे आठवणार नाही.

मंगळवार, ४ मार्च

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. पहिल्या यादीत तीन जागा का सुटल्या, चूक कोणाची, जबाबदार व्यक्तीचं नाव.

म्हणजे रस्त्यावरचा माणूस चुकणारच, त्याला माफ करायचं. कचेरीतल्या माणसाला तो रकाना अजून आहे. नियम माझा होता हे खरं. मंजुरीची सही साहेबांची होती हेही खरं. खुलाशात त्यातलं फक्त पहिलं लिहिलं.

हेडक्लार्कनी वाचून परत दिला. “छान लिहिलायस. एकही चूक नाही. म्हणूनच तू मरणार.”

गुरुवार, ६ मार्च

काय लिहू. क्रमाने लिहितो.

संध्याकाळी वहिनींना सांगितलं की गेट यादीत आलं. आई आत होती. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या भांडी पुसत होत्या, पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, एक विचारू? त्यातनं ह्यांना काढलं तर किती राहतात?”

चार, म्हटलं. का?

“ते गेटपाशी नव्हते गेले.”

मला समजलंच नाही. मी म्हटलं, कागदावर गेट आहे. मी स्वतः भरलंय.

“कागदावर आहे. धडक नाल्याच्या वळणावर बसली. ते बसला निघाले होते, थांबा तिकडेच आहे. एका टेम्पोवाल्याने उचललं. तिथे ना दिवा ना कोणी. गेटवर कारखान्याची गाडी उभी असते म्हणून गेटवर आणून निजवलं. पोलीस आले तेव्हा ते गेटसमोर होते. त्यांनी तेच लिहिलं.”

तुम्हाला कोणी सांगितलं?

“टेम्पोवाल्यानेच. दहाव्याला येऊन गेला, रडत होता. मी पोलिसांना सांगितलं होतं. ते म्हणाले, बाई, कागदावर गेट आलंय, राहू दे, माणूस काय परत येणारे का? साऱ्या वस्तीला माहीत आहे.”

मला नाही माहीत.

“तुम्ही विचारलंत कधी? रोज गेटपाशी सायकल थांबवून उभे राहता. मला वाटायचं, काय सांगायचं.”

दोन वर्षं मी भलत्याच जागी उभा राहून त्याला आठवत होतो.

मी म्हटलं, वहिनी, नाल्याच्या वळणावर चार आहेत. दादा तिकडे गेला तर तिकडे पाच होतील. इथे चार राहतील.

त्यांनी ताटली फळीवर ठेवली. “तिकडेपण माणसंच आहेत,” म्हणाल्या. आणि पुढचं भांडं उचलत, “मला विचारू नका भाऊजी. मला उद्या सकाळी गेटसमोरचाच रस्ता ओलांडायचाय.”

शुक्रवार, ७ मार्च

ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

रविवार, ९ मार्च

नाल्याच्या वळणावर गेलो. गेटपासून ५३२ फेरे, म्हणजे अकराशे एक मीटर. पट्टी कितीही सरकवली तरी दोन्ही जागा एका पट्टीखाली येत नाहीत. तीनदा करून पाहिलं.

थांब्याला छप्पर नाही. रस्त्याला उतार आहे आणि वळण आतल्या बाजूला झुकलेलं, गाडी दिसते तेव्हा ती आलेलीच असते. पलीकडे नाल्याला लागून झोपड्या आहेत, पूर्वी नव्हत्या. नळ अलीकडे आहे.

साडेआठ ते साडेनऊ बसलो. ६४ माणसं ओलांडून गेली. मोजायचं म्हणून मोजलं. एक म्हातारा अर्ध्यात थांबला, ट्रक गेला, त्याने धोतर सावरलं आणि निघाला, जणू कोणीतरी वाटेत गप्पा मारायला थांबवलं होतं. एक बाई दोन हंडे घेऊन. तिने मला विचारलं, “सरकारी आहात का?” हो म्हटलं. “मग काहीतरी करा की हो इथे.” बघतो म्हटलं.

ती म्हणाली, “मागेही एक जण वहीत लिहून गेला.”

कुठे धडक बसली असेल ते शोधत होतो. दोन वर्षांनी काय सापडणार. डांबर नवीन आहे, गुळगुळीत. त्यावर गाड्या अजून जोरात जातात.

दुरुस्तीचा अर्ज घरी येऊन लिहिला. ‘स्थळ – गेटसमोर’ याऐवजी ‘नाल्याचं वळण’. पुरावा – पत्नीचं तोंडी म्हणणं. एवढ्यावर बाई मान्य करतील, त्या तशा आहेत. साहेबही करतील, त्यांना मला खोटं पाडायला मिळेल.

दादा एकच आहे. एका वेळी एकाच जागी मोजता येतो.

सोमवार, १० मार्च

पहाटे वहिनींना डब्याचं झाकण पुसताना ऐकलं. तांबडंही फुटलं नव्हतं. त्या आज पुढे चालणार होत्या.

बाईंनी शेवटची यादी माझ्या टेबलावर ठेवली. “तुम्ही तपासलीत की मला पुन्हा बघायला नको.” गेट – पाच. नाल्याचं वळण यादीत नाही, म्हणून त्याला पान नाही. प्रत्येक पानाखाली छापलंय, ‘स्थळ प्रत्यक्ष जाऊन पडताळले’, आणि पुढे सहीला जागा. पंचवीस सह्या केल्या. अर्ज खिशात होता. मग गेटच्या पानावरही केली.